रत्नागिरीतली पायी खाद्यफेरी: बंदर आधी, थाळी शेवटी

रत्नागिरीत खास खाण्यासाठी येणारे बहुतेक जण एकच चूक करतात. अकराच्या सुमारास गावात उतरतात, विचारत विचारत खानावळ गाठतात, भरगच्च सुरमई थाळी जेवतात आणि खोलीवर जाऊन आडवे होतात. संध्याकाळी भूक नसते, दुसऱ्या दिवशी गाडी असते. गाव कळतं ते एका ताटापुरतं. खरं तर इथे तीन-चार तऱ्हांची स्वयंपाकघरं शेजारी-शेजारी नांदतात: बंदराजवळचं खारवी-भंडाऱ्यांचं मासळीचं जेवण, कोकणी मुसलमानांचं सालन-भाकरी (सालन म्हणजे रस्सा) आणि बेकरी, बाजारपेठेतला शाकाहारी फराळ, आणि संध्याकाळच्या हातगाड्या. हे सगळं एका दिवसात पायी जमतं, पण क्रम पाळला तरच.

खालचं नियोजन चौघांसाठी आहे. सहाच्या वर माणसं असतील तर दोन गट करा. गर्दीने छोट्या खानावळीत शिरलं की मागवलेलं एकत्र येत नाही आणि एकमेकांच्या ताटातलं चाखताही येत नाही.

१. आधी वार आणि महिना, मग तिकीट

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत पानात येणारा समुद्राचा मासा बहुधा बर्फातला असतो. त्या काळात यायचंच असेल तर ताज्या सुरमईचा हट्ट सोडा. सुकी मासळी, टाकळा-कुर्डूसारख्या रानभाज्या, कुळथाची पिठी यांवर फेरी आखा, तीही उत्तम होते. बंदी उठल्यावरही समुद्र लगेच शांत होत नाही. फेरीला सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ओल्या काजूची उसळ हवी असेल तर फेब्रुवारी-मार्च धरा. आंबा, फणस, रातांबे (कोकमाची फळं) एप्रिल-मेमध्ये, पण तेव्हा दुपारी दहा पावलंही चालवत नाही. फेरी सकाळी साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर अशी तोडावी लागते.

वार त्याहून महत्त्वाचा आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी हे अनेक घरांत मासे न खाण्याचे दिवस. त्या दिवशी खानावळीत मासळीचे प्रकार कमी असतात आणि कालची मासळी पुढे सरकवली जाण्याची शक्यता वाढते. रविवारी उलट स्थिती: मासा भरपूर, पण गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मुसलमानांची हॉटेलं आणि बेकऱ्या तासभर बंद असतात. सगळं जुळवायचं तर बुधवार निवडा.

सावध: गणपतीत आणि शिमग्यात येऊ नका. रांधणारे हात स्वतःच्या घरी गेलेले असतात, अनेक घरगुती खानावळी बंद असतात आणि खोल्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात. रमजानमध्ये मुसलमान मोहल्ल्यातलं खाणं दिवसा नाही, इफ्तारनंतर मिळतं. फेरी तशी फिरवून घेतली तर हा महिना खाण्याच्या दृष्टीने श्रीमंत आहे.

२. वाट: बंदरावर रिक्षाने, पुढे चालत

रत्नागिरी सपाट नाही. मारुती मंदिराचा भाग वर, बाजारपेठ खाली, आणि बंदर त्याहून खाली समुद्रालगत. रेल्वे स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून गावात रिक्षानेच यायचं. स्टेशनपासून चालत निघून उत्साह तिथेच संपवू नका. मुक्काम एसटी स्टँड ते गोखले नाका या पट्ट्यात घ्या.

दिवसाची साखळी अशी: पहाटे रिक्षाने मिरकरवाडा बंदर. तिथून चालत बाजारपेठेकडे, म्हणजे धनजी नाका, राम आळी, गोखले नाका. दुपारचं जेवण बाजारपेठेच्या आसपास. नंतर विसावा. संध्याकाळी चालत मांडवीची जेटी, आणि परत येताना रिक्षा. बंदर पहाटे गाठायला रिक्षा घेण्यात कमीपणा नाही. पाय पुढच्या वाटेसाठी राखायचे आहेत.

तपासा: आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी किंवा रिक्षावाल्या दादांना दोन गोष्टी विचारा. उद्या बोटी साधारण किती वाजता लागतील? उद्या बाजार बंद आहे का? बोटींची वेळ भरती-ओहोटी, वारा आणि जाळ्याच्या प्रकारावर ठरते. काही बोटी पहाटे लागतात, काही संध्याकाळी. मोबाइलवरची “उघडण्याची वेळ” बंदराला लागू पडत नाही.

३. सोबत काय घ्यायचं

मागचा पट्टा असलेली, न घसरणारी रबरी चप्पल. बंदरावर खवलं, बर्फाचं पाणी आणि डिझेल यांचा थर असतो, कापडी बूट अर्ध्या तासात वाया जातात. माणशी एक लिटर पाणी. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मिळून निदान पाचशे रुपयांची मोड, कारण सकाळच्या घाईत मासेविक्रेत्या बायका सुट्ट्यासाठी थांबत नाहीत. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा एक, कापडी पिशवी एक. ओली फडकी दोन. ज्यांना कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी आहे त्यांनी गोळी खिशात ठेवावी, खोलीवरच्या बॅगेत नाही.

आदल्या रात्रीचं जेवण हलकं घ्या. सकाळी खोलीवर चहा-बिस्किटं खाऊ नका. पहिला घास बंदरानंतर.

४. मिरकरवाडा: खायला नाही, ओळखायला

बंदरावर सव्वासहा ते साडेसात थांबा. इथे तासभर फक्त बघायचं असतं. दुपारी ताटात काय मागवायचं ते इथे ठरतं, म्हणून हा टप्पा गाळणाऱ्यांची पुढची सगळी फेरी अंदाजावर चालते.

पहिला फेरफटका काहीही न विचारता मारा. कोणता मासा सर्वांत जास्त पाट्यांत आणि क्रेटमध्ये दिसतोय ते मनात धरा. आज जो ढिगाने आला तोच आज ताजा आणि बेताच्या भावात. बांगडा ढिगाने आला असताना पापलेट मागणारा माणूस जास्त पैसे मोजून जुना मासा खातो.

मग एखाद्या मावशींना विचारा, “मावशी, आज काय चांगलं आलंय?” “सुरमई आहे का?” असं विचारू नका. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर बहुतेकदा “आहे” असंच येतं.

ताजेपणा चार ठिकाणी कळतो. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. खोल गेलेला, दुधाळ डोळा म्हणजे शिळा मासा. कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. तपकिरी आणि चिकट नको. अंगावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा हवा, उग्र नाही. खेकडा जिवंत आणि हाताला जड लागणारा घ्यावा. हलका खेकडा आतून पोकळ असतो. शिंपल्या मिटलेल्या हव्यात. उघडी शिंपली टिचकी मारल्यावरही मिटत नसेल तर ती मेलेली आहे.

सावध: बांगडा, तारली, कुपा, सुरमई हे मासे तासन्‌तास उन्हात बर्फाविना राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर जीभ चुरचुरली, तोंड लाल झालं, अंगाला खाज सुटली, डोकं ठणकलं तर खाणं तिथेच थांबवा आणि डॉक्टर गाठा. म्हणून बर्फ नसलेल्या पाटीतला बांगडा कितीही स्वस्त असला तरी नको.

मासा विकत घ्यायचा मोह होईल. लहान मासळी इथे बरेचदा वाट्यावर मिळते. एक वाटा म्हणजे समोर मांडलेला एक ढीग, वजन नाही. मोठा मासा नगावर किंवा किलोवर. साफ करून, तुकड्या करून देण्याचे पैसे वेगळे असतात. पण आधी करून देणारी खानावळ ठरलेली असेल तरच घ्या. हातात मासा घेऊन खानावळ शोधत फिरण्यात दीड तास जातो आणि मासाही जातो. बोटभर आकाराची पापलेटं मात्र कुणीही, कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. ती अजून एकदाही न व्यालेली पिल्लं असतात, आणि पुढच्या वर्षीची पापलेटं त्यांच्यावरच अवलंबून आहेत.

लिलाव चालू असेल तर बाजूला उभं राहा. बोली काही सेकंदांत संपते, मध्ये प्रश्न विचारलेला कुणालाच चालत नाही. डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईला वाट सोडणं हा तिथला पहिला नियम. पसरलेल्या जाळ्यावरून चालू नका. फोटो विचारून काढा. तांडेल (बोटीचा म्होरक्या) किंवा खलाशी दोरखंड हाताळत असताना मोबाइल पुढे करू नका.

५. न्याहारी: दोन ठिकाणी अर्धी अर्धी

साडेसात ते साडेनऊ. एकाच ठिकाणी पोटभर खाणं ही इथली ठरलेली चूक. चौघांत दोन प्लेटा मागवा, खा, उठा, पुढच्या ठिकाणी पुन्हा दोन.

पहिला थांबा मुसलमान वस्तीतली बेकरी किंवा चहाचं हॉटेल. सकाळी पाव भट्टीतून निघाल्यावर तासाभरात खाल्ला तरच त्याला अर्थ आहे. पाव दाबून बघा. ताजा असेल तर हळूच वर येतो, आदल्या दिवशीचा असेल तर चुरतो. सोबत चहा. नानकटाई आणि चहात बुडवायचे कडक बटर घ्यायचे असतील तर इथे खाऊ नका, विसाव्याच्या वेळेसाठी पिशवीत टाका. खिमा किंवा सालन सकाळी तयार असेल तर चौघांत एकच प्लेट.

दुसरा थांबा बाजारपेठेतलं शाकाहारी उपाहारगृह. इथे घावन आणि आंबोळी यांत गोंधळ होतो. घावन तांदळाच्या पातळ पिठाचं, न आंबवलेलं, जाळीदार आणि पातळ असतं. आंबोळी तांदूळ-उडीद आंबवून केलेली, जाड आणि मऊ असते. घावन तव्यावरून ताटात आल्यावर दोन-तीन मिनिटांत संपवायचं, नाहीतर चामट होतं. म्हणून चार घावनं एकदम मागवू नका, एक-एक येऊ द्या. नारळाच्या गोड रसातली खापरोळी किंवा तांदळाच्या शेवया दिसल्या तर चौघांत एक वाटी पुरे. नारळाचा रस जड असतो. पूर्ण वाटी प्यायलेला माणूस एक वाजेपर्यंत जेवणाच्या नावाने हात जोडतो.

तपासा: साडेनऊ वाजता पोट अर्धं रिकामं वाटायला हवं. भरलं असेल तर पुढचे दोन तास फक्त पाणी, आणि चहा अर्धा.

६. बाजारपेठ: चाखून घ्या, वाचून घ्या

साडेनऊ ते साडेबारा. कोकणातल्या बाजारपेठा दुपारी एक ते चारच्या दरम्यान डुलकी घेतात. खरेदी जेवणानंतर करू म्हणणाऱ्याला बंद फळ्या दिसतात.

इथे सर्वांत जास्त फसगत होते ती कोकमाच्या बाटल्यांत. आगळ आणि सरबताचं कोकम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आगळ हा रातांब्यांचा खारवलेला रस, सोलकढीसाठी. कोकम सिरप किंवा अमृत कोकम साखरेतलं, एक भाग सिरपला चार-पाच भाग पाणी. आगळ घरी नेऊन सरबत करायला गेलेल्याचा घोट तोंडातून बाहेर येतो. बाटलीवर घटक वाचा: रातांबा किंवा कोकम, मीठ, साखर. त्यापलीकडे रंगाचं नाव असेल तर ठेवून द्या. आमसुलं काळपट-जांभळी आणि वाकणारी हवीत. कडक, पांढुरक्या बुरशीची नकोत.

आंबापोळी आणि फणसपोळी चाखायला मागा. दुकानदार बहुधा देतात. चांगली आंबापोळी तपकिरीकडे झुकलेली असते आणि तिच्यात उन्हात वाळवलेले थर दिसतात. झळझळीत केशरी रंगाची आणि दातांना जेलीसारखी लागणारी पोळी घेऊ नका. फणसपोळीला फणसाचा वास आला नाही तर तिच्यात फणस फार थोडा आहे.

एप्रिल-मेमध्ये हापूस घेताना देठाजवळ नाक न्या. घमघमाट तिथे आधी येतो. बाहेरून एकसारखा पिवळाधमक, पण देठाजवळ वास नाही आणि दाबल्यावर टणक, असा आंबा जबरदस्तीने पिकवलेला असू शकतो. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, तरी डोळे उघडे ठेवावेत. नीट पिकलेल्या हापूसच्या सालीला किंचित सुरकुती चालते. फेरीत खायचे चारच घ्या, पेटीचा सौदा दुसऱ्या दिवशी करा. हातात पेटी आली की चालणं संपलं.

सुकी मासळी घ्यायची असेल तर या टप्प्यात फक्त दुकान बघून ठेवा आणि चाचांना किंवा मावशींना सांगून या की परत जाताना येतो. वासाची पिशवी घेऊन खानावळीत बसणं बरं दिसत नाही. सोडे (सोललेली सुकी कोळंबी) निवडताना हातात खुळखुळले पाहिजेत. हाताला चिकटणारे ओलसर सोडे आठवड्यात खवट होतात. जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी) स्वच्छ आहे का ते तळहातावर घेऊन बघा, वाळू दिसली तर नको.

शाकाहारी सोबत्यांसाठी हाच टप्पा मुख्य आहे. कुळथाची पिठी आणि भात, मोसमात फणसाची भाजी, संकष्टीच्या आसपास उकडीचे मोदक. मासळीच्या खानावळीत त्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: तळणीचं तेल वेगळं आहे का? बहुतेक ठिकाणी नसतं.

७. थाळी: आता, आणि दोनच

साडेबाराला खानावळीत बसा. दीड वाजता गेलात तर चांगल्या तुकड्या संपलेल्या असतात आणि तळणीचं तेल काळं झालेलं असतं.

फळ्यावरची नावं वाचण्याआधी सकाळी बंदरावर बघितलेला मासा आठवा आणि तोच मागा. “सकाळी बांगडा बराच आलेला दिसला, आजचा आहे का?” एवढं विचारलं की समोरच्यालाही कळतं की हे बंदरावरून आलेत. भाव आधी विचारा. पापलेट आणि सुरमईचा दर बरेचदा आकारानुसार असतो, आणि तो थाळीत धरलेला नसू शकतो.

चौघांत दोन थाळ्या आणि जोडीला सुटं: एक कालवण, एक सुकं, चार तांदळाच्या भाकऱ्या. अनेक खानावळींत थाळी वाटून खाऊ देत नाहीत, आणि ते रास्त आहे, कारण भात-कालवण पुन्हा वाढलं जातं. तसं असेल तर थाळी न घेता सगळं सुटं मागवा. कोंबडी-वडे त्याच वेळी मागवू नका. वडे उडीद-तांदळाचे, तळलेले आणि जड. त्यांना संध्याकाळ द्या किंवा दुसरा दिवस.

तळलेल्या माशात दोन चाली आहेत, रवा लावून किंवा नुसता मसाला आणि थोडं तांदळाचं पीठ लावून. जाड रव्याखाली मासा शिळा असला तरी लवकर कळत नाही. अनोळखी ठिकाणी मसाल्यातला मागवा. तुकडी फोडल्यावर मांस पाकळ्यांसारखं सुटायला हवं. भुगा झाला तर मासा जुना, रबरासारखा लागला तर जास्त तळलेला.

बांगड्याच्या कालवणात तिरफळं असतील तर ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. जीभ बधिर झाली की पुढची चव गेली. काट्यांची सवय नसेल तर पेडवे आणि मांदेली टाळून सुरमई किंवा हलवा हा मासा घ्या. लहान मुलांना भाताबरोबर मासा भरवताना काटे बोटांनी काढा, चमच्याने नाही.

सोलकढी सुरुवातीला पिऊन टाकणं ही सगळ्यांत सार्वत्रिक चूक. ती शेवटच्या भातासोबत किंवा त्यानंतर. चांगली सोलकढी फिकट गुलाबी-जांभळी असते, ठेवल्यावर तिचे थर पडतात, ढवळून प्यायची. थर पडणं हा दोष नाही. फेस आणि आंबूस वास हा दोष आहे, कारण नारळाचं दूध उन्हाळ्यात फार लवकर उतरतं. रंग भडक आणि चव पाणचट असेल तर ती पुडीतली आहे.

तपासा: उठताना अजून एक भाकरी खाता आली असती असं वाटायला हवं.

८. विसावा

दोन ते साडेचार खोलीवर. झोपा, पण तासभरच. साडेतीनला लिंबू-पाणी किंवा कोकम सरबत, सकाळची नानकटाई, मोसम असेल तर अर्धा तास पाण्यात ठेवलेला आंबा.

९. संध्याकाळ: मांडवी आणि परतीची पिशवी

साडेपाचला बाजारपेठेतून मांडवीकडे चालत निघा. जेटीवर वारा असतो, गाड्यांवर भेळ, भजी, मक्याचं कणीस. इथे कोकणची खासियत शोधू नका, गावकरी जे खातात ते खा. ज्या गाडीवर स्थानिक कुटुंबं उभी आहेत तीच गाडी. भजी समोर कढईतून निघत असतील तरच. चिंचेच्या पाण्याबद्दल शंका असेल तर सुकी भेळ.

रात्री आठनंतर भूक लागली तर आता कोंबडी-वड्यांची वेळ. वडा टम्म फुगलेला आणि गरम हवा, आणि माणशी दोन पुरेत. मुसलमानी जेवण सकाळी राहून गेलं असेल तर त्याऐवजी बिर्याणी किंवा सालन-भाकरी. दोन्ही एका रात्रीत बसवू नका.

सुक्या मासळीचं दुकान मांडवीला निघण्याआधी किंवा परतताना गाठा, पण बंद होण्याची वेळ सकाळीच विचारून ठेवलेली असावी. बांधणी अशी: आधी वर्तमानपत्राचे दोन थर, त्यावर प्लास्टिकची पिशवी तोंड पिळून, मग स्टीलच्या डब्यात. नुसत्या पिशवीतली सुकट एसटीत किंवा रेल्वेच्या डब्यात उघडी पडली तर सहप्रवाशांचा प्रवास नासतो. घरी पोचल्यावर मासळी एक दिवस कडक उन्हात पसरा, पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद बरणीत भरा. गरम असताना झाकण लावलं तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. सोडे फ्रीजरमध्ये ठेवलेत तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतात.